जिवतीची धिरडी

अल्लीपूरच्या बाजारपेठेत तानबांचं किराणा-तेलाचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागेच घर. या घरात धिरडं आणि गुळवणी करायला बंदी होती. दहाएक वर्षं झाली असतील. बाकी सगळं व्हायचं. पुरणपोळी व्हायची, वडे व्हायचे, पाटोड्या व्हायच्या. धिरडं तेवढं नाही. आणि घरातल्या एकूण एक माणसाचा जीव होता तो नेमका धिरड्यावर.

बंदी घातली होती तानबांच्या आईने, कौशल्याबाईंनी. जिवतीच्या अवसेला या घरात धिरडी-गुळवणीचाच नैवेद्य असायचा. जिवती लेकरांची राखण करते. तिचं चित्र भिंतीला चिकटवायचं, लेकरांना ओवाळायचं आणि मग चुलीभोवती बसून तव्यावरचं गरम गरम खायचं. बंदी आली त्या वर्षी तानबांचा थोरला मुलगा भूपेंद्र दोन खाऊन, तिसरं ताटात पडलं असताना उठला. "मोटर लावून येतो, थंडं नको होऊ देजो," म्हणाला आणि ओल्या पायांनी विहिरीवर गेला. मोटरीत करंट उतरला होता. लेकरांच्या देवीच्या दिवशीच घरातलं लेकरू गेलं.

असं झालं की तो सण त्या घरापुरता बंद पडतो, हा इकडचा रिवाज. तेरवीला कौशल्याबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आजपासून जिवती बंद. धिरडंबी बंद. कोन्या वर्षी जिवतीच्याच दिवशी या घरात लेकरू जलमलं, नाईतर गोठ्यात गायले वासरू झालं, तं तवा काढजा. तवरोक पीठ भिजलं नाई पाह्यजे." पुढच्याच वर्षी त्या गेल्या. बंदी घालणारीच गेल्यावर ती उठवणार कोण? बिडाचा तवा माळ्यावर गेला तो गेलाच.

शोभाबाई, म्हणजे तानबांची बायको आणि भूपेंद्रची आई, गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी गाय घेतली. गवरी नाव तिचं. दिवस मोजून मोजून तिला फळवली. पण गवरी एका वर्षी जिवतीच्या दोन दिवस आधी व्याली आणि पुढच्या खेपेला पार पोळ्याला. पेठेतल्या बाया म्हणायच्या, "शोभाबाई, गायले जरा पंचांग वाचून दाखवत जा नं." शोभाबाईही हसायच्या, पण त्या गाईने आपल्याला मुद्दाम दगा दिला, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. शेवटी त्यांनी ती विकून टाकली.

मग गेल्या हिवाळ्यात तानबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही बहुतेक गेलं. डोकं मात्र शाबूत होतं. समजायचं सगळं, बोलता मोजकंच यायचं. चार-दोन शब्द उरले होते, त्यांतला एक "धिरडं" होता. सकाळी चहा पाजला की "धिरडं". दुपारी वरणभात भरवला की तोंड फिरवून "धिरडं". शेजारणीने एकदा दया येऊन तिच्या घरचं धिरडं वाटीभर गुळवणीसकट आणून दिलं. तानबांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग म्हणाले, "घरचं."

दुसऱ्यांदा झटका आला तर हाती काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. शोभाबाईंना एकच वाटायचं. नवऱ्याने जाताना एवढी एक वासना घेऊन जाऊ नये. त्यात काय वावगं होतं? काहीच नाही. माणूस चुकतो तेव्हा बहुतेक वेळा हातात चांगलंच काहीतरी धरलेलं असतं.

अशात धाकट्या धर्मेंद्रच्या बायकोला, प्रेरणाला, दिवस गेले. लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली ती नेमकी जिवतीच्या आठवड्यातली. शोभाबाईंनी कॅलेंडरचं पान मागे-पुढे केलं आणि भिंतीवरच्या त्या रिकाम्या चौकोनाला हात जोडले, जिथे पूर्वी जिवतीचं चित्र चिकटवलेलं असायचं.

त्या दिवसापासून सुनेला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं. पाण्याची बादली उचलू देईनात, पायरी उतरताना हात धरत. आल्यागेल्याला सांगत, "हे पोरगी माह्या घराचा सण उघडते पाहा." प्रेरणा सिंदी मेघेच्या एका कारकुनाची मुलगी. चार वर्षं या घरात तिला कोणी टाकून बोललं नव्हतं, पण कोणी असं डोक्यावरही घेतलं नव्हतं. तिला ते आवडायला लागलं होतं. ती विचारायची, "आई, इतकं काय असतं हो त्या धिरड्यात?" मग शोभाबाई सांगत बसायच्या. कणीक किती सैल, जवसाचं तेल किती, वांग्याच्या देठाने ते तव्यावर कसं फिरवायचं, गूळ कोणता. सांगता सांगता त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि कॉटवरचे तानबा मान वळवून ऐकायचे.

जिवती गुरुवारी होती. सोमवारी दोघी वर्ध्याला तपासणीला गेल्या. धर्मेंद्र दुकानाचा माल उतरवून घेत होता, म्हणून सासू-सूनच गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली, परत एकदा केली आणि म्हणाल्या, "बाळाभोवतीचं पाणी बरंच कमी झालंय. थांबण्यात अर्थ नाही. आजच भरती व्हा, उद्या सकाळी सिझर करू."

"उद्या?" शोभाबाई म्हणाल्या. "गुरुवारी नाई का जमत?"

"गुरुवार कशाला?"

जिवतीचं सांगायला शोभाबाईंची जीभ रेटली नाही. "घरी विचारून येतो," एवढं म्हणून त्या उठल्या. डॉक्टरीणबाईंनी प्रेरणाकडे पाहून पुन्हा सांगितलं, "आज. संध्याकाळपर्यंत या." प्रेरणाने मान हलवली.

परतीचा ऑटो वर्ध्याबाहेर पडला. मग प्रेरणा म्हणाली, "आई, त्या आज म्हणाल्या."

"आइकलं मी. डाक्टर लोकाईले घाईच असते बाई. आमच्या टायमाले कोन पाह्यत होतं पाणी कमी का जास्त? तीन दिवस तं हायेत. दहा वर्स थांबली मी, तीन दिवस नाई निघत?"

प्रेरणा बाहेर बघत राहिली. दोन्ही हात पोटावर होते.

दुकानासमोर उतरल्या तसा धर्मेंद्र पोतं टाकून पुढे आला. "काय म्हनलं मॅडमनं?"

"समदं बराबर हाय," शोभाबाई म्हणाल्या. "गुरुवारी भरती करा, सिझर करू म्हनलं."

धर्मेंद्रने बायकोकडे पाहिलं. शोभाबाईंनीही पाहिलं. आता सगळं या पोरीच्या तोंडावर होतं. प्रेरणा म्हणाली, "पाणी पाहिजे मला, घसा सुकला," आणि आत गेली. तिने खोटं सांगितलं नाही. खरंही सांगितलं नाही.

संध्याकाळी बोरगाव मेघेला दिलेल्या मुलीचा, गुंजनचा, फोन आला. "आई, अवसेले कोनी पोट कापते का? आदल्या दिवशी करा, नाईतर दुसऱ्या दिवशी करा. अवस काऊन?"

"जिवती हाय ते. अवस नसते."

"दोन्ही एकच असते आई."

"तू तुह्यं पाह्यजो," म्हणून शोभाबाईंनी फोन ठेवला. मन मात्र त्यांचंही थाऱ्यावर नव्हतं. रात्री उठून त्या सुनेच्या दारापर्यंत गेल्या आणि तशाच परत आल्या.

मंगळवारी त्यांनी माळ्यावरचा तवा काढला. गंज खरवडला, चिंच लावून घासला, जवसाचं तेल चोपडून चुलीवर तापवला आणि पुन्हा चोपडला. बिडाचा तवा एकदा रुसला की धिरडं सोडत नाही. त्याला मनवावं लागतं. त्या कामात त्यांचा दिवस बरा गेला. बाजारातून जिवतीचं चित्र आणलं होतं, ते पिठाच्या डब्याखाली सपाट करून ठेवलं.

बुधवारी दुपारी प्रेरणा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "आई, बाळ हलून नाही राहिलं."

शोभाबाईंनी पळी खाली ठेवली. "सकाळी हाललं होतं का?"

"थोडंसं. का मलाच वाटलं, माहीत नाही."

"झोपलं असन. गोड खाल्लं का हालते." त्यांनी घाईघाईने पेल्यात गूळ कालवला, ढवळला, तिच्या ओठांना लावला. प्रेरणाने डोळे मिटून सगळा पेला पिऊन टाकला आणि डाव्या कुशीवर आडवी झाली. शोभाबाई तिच्या पोटावर हात ठेवून बसून राहिल्या. पंखा फिरत होता. पलीकडे तानबांचा खोकला ऐकू येत होता. मग हाताखाली काहीतरी सरकल्यासारखं झालं. पोटातला वारा असेल, किंवा त्यांच्याच हाताची नस उडाली असेल. पण त्या म्हणाल्या, "हाललं! हाललं पाह्य!" आणि प्रेरणाही म्हणाली, "हो, वाटलं."

दोघींनाही ते खरं मानायचं होतं. तेव्हाच गाडी काढली असती तर तासाभरात वर्धा होतं. पुढे शोभाबाईंना सगळ्यात जास्त हीच दुपार छळायची.

गुरुवारी पहाटे त्यांनी अंघोळ केली आणि निघण्याआधी कणीक भिजवली. सैल, गुठळी न ठेवता, चिमूटभर मीठ, मूठभर तांदळाची पिठी. दहा वर्षांत त्या घरात पहिल्यांदा. खरं तर लेकरू झाल्याशिवाय पीठ भिजवायचं नव्हतं, सासूचे शब्द त्यांच्या कानात होते. पण पीठ चार तास मुरलं तरच जाळी पडते. फोन आला की गुंजनने तवा ठेवायचा आणि पहिलं धिरडं बापाला भरवायचं, असं ठरलं होतं. गुंजन त्यासाठीच आली होती. तानबा भांड्याच्या आवाजाकडे कान लावून होते. "धिरडं?" त्यांनी विचारलं. शोभाबाई जवळ जाऊन म्हणाल्या, "हो. आज. नातू होऊ द्या." तानबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

दवाखान्यात नर्सने पोटावर यंत्र लावलं, सरकवलं, पुन्हा सरकवलं. मग दुसऱ्या नर्सला बोलावलं. मग डॉक्टरीणबाई आल्या. बाहेरच्या बाकावर शोभाबाई आणि धर्मेंद्र बसले होते.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन धर्मेंद्रसमोर उभ्या राहिल्या. "बाळाचे ठोके नाहीत. उशीर झाला. तुम्ही सोमवारी का नाही आलात?"

"सोमवारी?" धर्मेंद्र म्हणाला. "आज या म्हणून तुम्हीच सांगतलं नं?"

डॉक्टरीणबाईंनी शोभाबाईंकडे पाहिलं. मग धर्मेंद्रनेही पाहिलं.

मुलगा होता. दुपारी झाला, जिवतीच्याच दिवशी. पांढऱ्या कापडात गुंडाळून नर्सने आणला तेव्हा शोभाबाईंनी तोंडावरचं कापड बाजूला केलं. ते रुंद कपाळ, हनुवटीला ती खळी. पुढे त्यांनी पाहिलं नाही. धर्मेंद्रने त्यांच्या हातातून ते गाठोडं काढून घेतलं आणि एकटाच निघून गेला. त्या दिवसापासून तो आईशी बोलेनासा झाला. जेवण दुकानात मागवून घ्यायचा आणि रात्री पोत्यांच्या बाजूला सतरंजी टाकून झोपायचा.

भिजवलेलं पीठ गुंजनने उकिरड्यावर ओतलं. तानबांना कोणी काही सांगितलं नाही. सून माहेरी गेली, एवढंच सांगितलं. ते दोन-चार दिवस "धिरडं?" म्हणाले आणि मग तेही म्हणेनात.

प्रेरणा माहेरी सिंदी मेघेला राहिली. पोळा झाला, गणपती बसले आणि उठले. परत येणार नाही, असंच पेठेत सगळे धरून चालले होते. शोभाबाईंना वाटायचं, न आलेलीच बरी. येऊन ती काय बोलेल, त्याचा विचार करून करून त्यांची भूक मेली होती.

आणि एका सकाळी ती आली. बॅग खाली ठेवली, सासऱ्याच्या पाया पडली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. अंग उतरलं होतं. आवाज मात्र साधा होता.

"आई, धिरडी करा."

शोभाबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"गुळवणी पण करा. मी खाल्ली नाहीत कधी. मला पाहायचं आहे, कशासाठी होतं ते."

"पोरी, मले मार. शिव्या दे. पन हे नको सांगू."

"का? सण उघडला ना? जिवतीच्याच दिवशी झालं ना लेकरू या घरात?" ती थांबली. "जिवंत पाहिजे, असं म्हणाल्या होत्या का आजी?"

शोभाबाई भिंतीला डोकं टेकून रडायला लागल्या. प्रेरणाने त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "हे तुमच्याशी बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात. रोज फोन करतात, तुझी काय चूक म्हणतात. आई, मीपण तिथंच उभी होती ना. घसा सुकला म्हणाली मी आणि आत गेली. मलाही वाटत होतं की सण माझ्याच हातून उघडावा. सगळ्यांनी म्हणावं, प्रेरणानं उघडला." तिचे डोळे कोरडे होते. "म्हणून करा. दोघी खाऊ."

यापुढे नाही म्हणायला शोभाबाईंकडे तोंड उरलं नव्हतं. त्या उठल्या. कणीक भिजवली आणि मुरायला ठेवली. तो वेळ दोघींनी एकमेकींसमोर बसून काढला. मग गूळ फोडला, पाण्यात विरघळवून गाळून घेतला, मंद आचेवर ठेवला, वेलची कुटून घातली. तुपात परतलेली चमचाभर कणीक लावली तशी गुळवणी दाट झाली आणि तो वास घरभर पसरला. पहिल्या वासालाच त्यांना भूपेंद्र आठवला, त्याचं ताटातलं तिसरं धिरडं आठवलं. तरी वांग्याचं देठ तव्यावर गोल फिरलं आणि वाटीतलं पीठ कडेकडेने मध्यापर्यंत बरोबर पडलं. हातांना लाज नसते. ते काहीच विसरले नव्हते.

धिरड्याला बारीक, एकसारखी जाळी पडली. इतकं चांगलं धिरडं त्यांच्या हातून आयुष्यात झालं नसेल. त्यांना वाटलं होतं की तवा सोडणार नाही, करपेल, फाटेल. काही झालं नाही. अलगद सुटलं.

प्रेरणाने तुकडा तोडला, गुळवणीत बुडवला आणि खाल्ला. सावकाश चावला.

"चांगलं आहे," ती म्हणाली. पुढचा तुकडा तिने हातातच धरून ठेवला.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कॉटचा आवाज आला. तानबा डाव्या हाताने कॉटची पाटी बडवत होते. शोभाबाईंनी प्रेरणाकडे पाहिलं. प्रेरणाने मान हलवली. मग त्यांनी दुसरं धिरडं ताटलीत घेतलं, वर गुळवणी ओतली आणि नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसल्या.

पहिला घास तोंडात गेला आणि तानबांचे डोळे मिटले. गुळवणी वाकड्या ओठांवरून हनुवटीवर ओघळली. शोभाबाईंनी पदराने पुसली. घास गिळून त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहरा असा उजळला होता, की लकवा मारल्यापासून तसा कोणी पाहिला नव्हता. ते बायकोकडे बघत होते, दारात येऊन उभ्या राहिलेल्या सुनेकडे बघत होते. डोकं त्यांचं शाबूत होतं. आईने तेरवीला सांगितलेली अट त्यांना पाठ होती. घरात धिरडं झालं, याचा अर्थ एकच होता.

"झालं?" ते म्हणाले.

शोभाबाईंनी पुढचा घास गुळवणीत बुडवला.

"लेकरू. झालं?"

"झालं," शोभाबाई म्हणाल्या.

"पोरगा?"

"पोरगा," दारातून प्रेरणा म्हणाली.

तानबा हसले. अर्धंच हसता यायचं, तेवढं हसले. डावा हात त्यांनी पुढे केला, तळवा वर, काहीतरी ठेवून घ्यायला करतात तसा. "आना," ते म्हणाले. हात तसाच राहिला. मग बहुतेक त्यांना वाटलं की लेकरू झोपलं असेल. हात खाली घेऊन त्यांनी विचारलं, "कोनावानी?"

शोभाबाईंना कापडाखालचं ते कपाळ दिसलं, हनुवटीची खळी दिसली. हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. प्रेरणाला तर दवाखान्यात बाळाचं तोंडही पाहू दिलं नव्हतं कोणी. ती दारात चौकट धरून उभी होती आणि तीही उत्तराची वाट बघत होती.

"भूपेनवानी," शोभाबाई म्हणाल्या. "डिट्टो भूपेनवानी होता."

शेवटचा शब्द तानबांनी ऐकला की नाही, कोण जाणे. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.